कोकोपीटचा 5 किलोचा ब्लॉक, ठाण्यातल्या बाल्कनीसाठी घ्यावा का?

5 पैकी 4 स्टार. एक स्टार कापलाय तो मिठासाठी, त्याबद्दल खाली लिहिलंय ते नक्की वाचा कारण बरीचशी रोपं त्यातच जातात.

आम्ही घोडबंदर रोडला राहतो, बाल्कनी पश्चिमेला, दुपारी दोननंतर जे ऊन सुरू होतं ते मावळेपर्यंत हटत नाही. कुंड्या सगळ्या ग्रिलमध्ये आणि खरा प्रश्न वजनाचा. 12 इंची कुंडी नुसत्या लाल मातीने भरली आणि पाणी घातलं की 25 किलोच्या घरात जाते, अशा सात-आठ ग्रिलवर ठेवल्या की सोसायटीची नोटीस आलीच समजा, आणि ती नोटीस बरोबरच असते हो, खाली पोरं खेळत असतात. शिवाय ही लाल माती एप्रिलमध्ये वाळली की वीट होते अगदी, कुंडीच्या कडेने फट पडते आणि घातलेलं पाणी त्या फटीतून सरळ खालच्या मजल्यावर, मुळांना थेंब नाही. कोकोपीट, म्हणजे नारळाच्या सोडणातून काथ्या काढल्यावर उरणारा भुसा, मिसळलं की वजन जवळपास अर्ध्यावर येतं आणि माती भुसभुशीत राहते. उन्हाळ्यात मोगऱ्याला सकाळ-संध्याकाळ पाणी लागायचं ते आता सकाळी एकदा पुरतं.

ब्लॉक मला अडीचशे-तीनशेच्या आसपास पडतो. एवढासा दिसतो पण भिजून साधारण 65-70 लिटर होतो, म्हणजे माती आणि खत समप्रमाणात धरलं तर बारा-तेरा मोठ्या कुंड्या आरामात. छोटे 650 ग्रॅमचे ब्लॉक मिळतात ते दोन कुंड्यांपुरते ठीक, पण हिशोब केला तर महाग पडतात. कंपनीचं नाव देत नाहीये कारण रॅपर कुठलंही असो, आपल्याकडे येणारा पुष्कळसा माल तमिळनाडू-केरळातला असतो, पोल्लाचीच्या बाजूचा. नावापेक्षा पिशवीवर 'लो ईसी', म्हणजे क्षार कमी असलेलं, असं लिहिलंय का ते बघा, आणि लिहिलेलं असलं तरी घरी तपासा.

आता मिठाचं. काथ्या काढण्यासाठी सोडणं पाण्यात कुजत घालतात, बऱ्याच ठिकाणी ते पाणी खाडीचं, खारं असतं. शिवाय सोडणात मुळात पोटॅशियम, सोडियम असतंच. ते सगळं भुशात उतरतं आणि न धुता वापरलं की पानांच्या कडा करपतात, मेथी-पालक दोन पानांवर अडकून बसतात, आणि आपण खत कमी पडलं समजून अजून खत घालतो. एका ऑनलाइन दुकानातून आलेल्या ब्लॉकवर चक्क 'वॉश्ड' छापलं होतं. फिल्टरच्या पाण्यासाठी घरी टीडीएस मीटर, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा, असतो ना, तोच वापरायचा. एक मग भिजलेलं कोकोपीट, दोन मग नळाचं पाणी, अर्धा तास ठेवून गाळायचं आणि मीटर बुडवायचा. त्या 'वॉश्ड' मालाचा आकडा 1000 च्या वर होता! आपलं नळाचं पाणी नदी-धरणाचं, त्याचा टीडीएस मुळात कमी असतो, त्यामुळे एवढा आकडा आला तर तो कोकोपीटचाच. 300 च्या खाली येईपर्यंत धुवायचं. पाणी तपकिरी निघतं त्याला घाबरू नका, तो टॅनिनचा रंग, थोडा राहिला तरी चालतो, मीठ गेलं पाहिजे. आणि धुवायला टँकरचं पाणी नको, ते बऱ्याचदा बोअरचं असतं, त्यातच क्षार भरपूर.

धुण्याची सोपी पद्धत सांगते. भाजीवाल्याकडे असतो तसा जाळीचा क्रेट घ्या, आत जुनी ओढणी किंवा मच्छरदाणीचा तुकडा अंथरा, त्यात भिजवलेलं कोकोपीट भरा आणि वरून पाणी सोडत राहा. बाथरूममध्ये करत असाल तर जाळीवर अजून एक कापड टाका, बारीक तूस पाइपात जाऊन बसलं तर प्लंबरच बोलवावा लागतो. जूनमध्ये घेत असाल तर गच्चीवर क्रेट नुसता पावसात ठेवा, आपल्याकडचा दोन दिवसांचा पाऊस कुठल्याही नळापेक्षा छान धुतो, पैसेही नाहीत पाणीही वाया नाही. टोमॅटो, मिरची लावणार असाल तर धुतल्यावर एक रात्र कॅल्शियम नायट्रेटच्या पाण्यात ठेवा, लिटरला 2 ग्रॅम, सकाळी निथळून टाका. कोकोपीट कॅल्शियम, मॅग्नेशियम स्वतःकडे धरून ठेवतं म्हणून झाडाला कमी पडतं, टोमॅटोच्या बुडाला काळा चट्टा येतो त्याचं हे एक कारण.

आणि प्लीज, नुसत्या कोकोपीटमध्ये झाड लावू नका. त्यात अन्न जवळजवळ नसतं. मी ऑक्टोबर ते मे एक भाग लाल माती, एक भाग कोकोपीट, एक भाग गांडूळखत आणि कुंडीमागे मूठभर निंबोळी पेंड असं घेते. यूट्यूबवर निम्मं-निम्मं कोकोपीट सांगतात ते दिल्ली-जयपूरच्या कोरड्या हवेत ठीक असेल, आपल्याकडे वर्षाला अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, तोही चार महिन्यांत, आणि जुलैमध्ये आठ-आठ दिवस ऊन दिसत नाही. तेव्हा हेच पाणी धरून ठेवणं अंगावर येतं. मुळं सडतात, वर चिलटं उठतात, सगळ्यात आधी जातात ती तुळस आणि अडेनियम. म्हणून पावसात भरायच्या कुंड्यांमध्ये कोकोपीट मोठ्या कुंडीला जेमतेम दोन ओंजळी आणि बाकी जागा भाताच्या तुसाला, जाड वाळूला, विटांच्या तुकड्यांना. तूस मुरबाड-शहापूरकडच्या भातगिरणीवर मिळतं, गावाकडून कोणी येत असेल तर गोणी मागवून ठेवा. अडेनियम, कोरफड यांना तर बाराही महिने कोकोपीट दाखवूच नका. अळू, गवती चहा, पुदिना मात्र यात इतके खूश असतात की बास, पुदिना पावसाळा सोडून कधीही लावा.

पाणी घालताना एक नेहमी लक्षात असू दे. कोकोपीट वरून लवकर फिकं पडतं, बघणाऱ्याला वाटतं कुंडी सुकली, पण आत बोटाच्या दोन पेरांवर ओल असते. बोट घालून बघितल्याशिवाय पाणी नाही, घरात मदतीला येणाऱ्या ताईंनाही हे सांगून ठेवलंय. उलट कुंडी अगदी कोरडी ठणठणीत झाली तर वरून ओतलेलं पाणी कडेने निघून जातं, तेव्हा कुंडी टबात अर्धा तास बुडवून ठेवायची.

अजून एक, घरात फुटणाऱ्या नारळांची सोडणं ओल्या कचऱ्यात टाकू नका. उन्हात वाळवून, हाताने विस्कटून कुंडीत वर पसरली की मे महिन्यात ओल टिकते आणि हे फुकटात होतं. विकतच्या कोकोपीटची जागा ती घेत नाहीत, त्याला बारीक भुसा लागतो, पण आच्छादन म्हणून एकदम मस्त.

जुनं कोकोपीट टाकायचं नसतं. त्यात लिग्निन, म्हणजे लाकडात असतो तो चिवट घटक, खूप म्हणून ते हळू कुजतं, तीन-चार वर्षं आरामात चालतं. मेमध्ये झाड काढलं की ते थोडं ओलसर करून पारदर्शक प्लास्टिकखाली गच्चीवर दोन-तीन आठवडे तापवायचं, मुळांचे तुकडे चाळून काढायचे, परत ताजं गांडूळखत मिसळायचं. त्यामुळे एका घराला वर्षाला एक ब्लॉक पुष्कळ झाला. पाचाचा पॅक स्वस्त दाखवतात त्याच्या नादी लागू नका, दमट हवेत रॅपर फाटलेला ब्लॉक कपाटात बुरशी धरतो.