डीअर लेकचा अलीचा कॅम्प: बघून आलो, पण डोक्यातून जात नाहीये

गेल्या शनिवारी न्यू जर्सीतल्या एडिसनहून गाडी काढली आणि पेनसिल्व्हेनियात डीअर लेकला बॉक्सर मोहम्मद अलीचा जुना ट्रेनिंग कॅम्प बघून आलो, फायटर्स हेवन म्हणतात त्याला. दोनेक तास लागतात, रूट 61 सोडला की चढ, झाडी आणि मग टेकडीवर लाकडी ओंडक्यांच्या खोल्या. 1972 मध्ये त्याने ही जागा घेतली, किन्शासाची फोरमनशी फाइट काय नि मनिलाची (1975) फ्रेझरशी काय, तयारी सगळी इथेच. 2019 पासून डागडुजी करून लोकांना बघायला खुली केलीये. आम्हाला तिकीट पडलं नाही.

बाहेर हे मोठमोठे धोंडे पडलेत, त्यांवर जो लुईस, रॉकी मार्सियानो अशी जुन्या चॅम्पियन्सची नावं, अलीच्या वडिलांनी रंगवलेली, ते साइन पेंटरच होते. किचनमधली पाटीपण त्यांचीच. स्वयंपाक्याचे नियम लिहिलेत आणि त्यात एक असा की कॉफीला नावं ठेवू नका, तुम्हीपण कधीतरी म्हातारे आणि कमजोर व्हाल. आधी हसलो. मग म्हटलं अरे, कोणाच्या किचनमध्ये लिहिलंय हे!

पण खरी जागा म्हणजे जिम. आपण म्हणतो फ्रेझरने मारलं, फोरमनने मारलं, ते खरंच, पण रोजचा मार इथे बसला, स्पॅरिंगमध्ये, म्हणजे सरावाच्या लढतीत, अली मुद्दाम दोरीला टेकून पोरांना मारू द्यायचा, म्हणे सहन करायची सवय लागते. त्या पोरांत एक होता जवळच्याच ईस्टनचा लॅरी होम्स. 2 ऑक्टोबर 1980 ला लास वेगासमध्ये त्याच होम्सने 38 वर्षांच्या अलीला असा धुतला की मारता मारता तोच रेफरीकडे बघत होता, थांबवा म्हणून. दहा राउंडनंतर अलीचा ट्रेनर डंडीने थांबवलं. आणि अलीचा डॉक्टर पाचेको तर 1977 मध्येच, शेव्हर्सच्या फाइटनंतर, किडनीचे रिपोर्ट बघून बाजूला झाला होता!

माझं मत सांगतो, पटलं तर घ्या. मनिलापर्यंतचं वसूल. 1975 पर्यंत 51 फाइट्स झालेल्या, मिळवायचं ते सगळं मिळवून झालेलं. त्यानंतरच्या दहा कशाला? 1978 मध्ये स्पिंक्सकडून बेल्ट परत घेतला, तिसऱ्यांदा चॅम्पियन, ठीक आहे, तिथे तरी थांबायचं ना. होम्स आणि मग 1981 ला बहामात बर्बिक, या दोन फाइट्सनी काय दिलं? पैसे दिले, बाकी काही नाही. 1984 ला पार्किन्सन्सचं निदान झालं तेव्हा वय 42. आता तो आजार बॉक्सिंगमुळेच झाला का यावर डॉक्टरांचं एकमत नाही, पण इतका मार खाऊन डोकं शाबूत राहील असं कोण म्हणेल?

येताना गाडीत पोरगा वाद घालायला लागला. म्हणे बाबा, 1996 ला अटलांटात थरथरत्या हाताने ज्योत पेटवली तेव्हा अख्खं जग बघत होतं, आधीच थांबला असता तर तेवढं प्रेम मिळालं असतं का? मी म्हटलं प्रेम आधीच होतं, हात मात्र त्याचा थरथरत होता, आपला नाही. बायकोने रेडिओ लावला.

जाणार असाल तर चालायचे बूट घाला, आणि आधी कधी उघडं असतं ते चेक करा, रोज नसतं. मुलांना न्या, तासाभरात कंटाळतील वाटलं होतं, तीन तास गेले. पाचपैकी पाच.

रात्री कोल्हापूरला काकांना फोन केला, तरुणपणी तालमीत होते, दोन्ही कान मोडलेले, गुडघे गेलेले. सगळं सांगितलं, होम्स, पार्किन्सन्स, सगळं. शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, “ते असू दे, खुराक काय होता रं त्याचा?”