ग्राउंड ग्लासवर डोंगर सरळ दिसला, तिथेच ६८,७५० रुपये गेले

आकडा आधीच लिहून टाकतो, कारण घरी, बँकेत, पोलीस ठाण्यात सगळ्यांनी तोच आधी विचारला. ६८,७५० रुपये. एका जुन्या कॅमेऱ्यासाठी चार वेळा पाठवले आणि चारही वेळा पिन मीच टाकला.

प्रकार नवा नाही. जाहिरात, गोड बोलणारा माणूस, टोकन, 'आजच पाठवतो', मग फोन बंद. तुम्हाला माहीत आहे, मलाही माहीत होतं. असले इशारे सोसायटीच्या ग्रुपवर मीच पुढे ढकलत असतो. त्यामुळे 'एवढं कसं कळलं नाही' असं कृपा करून कोणी विचारू नका, ते घरात रोज ऐकतोय.

वस्तू होती टोयोचा धातूचा फील्ड कॅमेरा, म्हणजे बाहेर नेता येणारा घडीचा, ४ बाय ५ इंची सुट्या फिल्मचा, सोबत श्नायडरची १५० मिलिमीटर सिम्मार-एस लेन्स कोपाल झिरो शटरमध्ये, आणि सहा फिल्म होल्डर. माझा जुना लाकडी कॅमेरा पावसाळ्यात फुगतो. इंदूरजवळच्या पातालपाणीच्या कड्यावर जरा वारा सुटला की लेन्सबोर्ड, म्हणजे लेन्स बसवायची फळी, डुगडुगतो आणि टिल्ट देऊन, म्हणजे लेन्स तिरकी करून, समोरच्या खडकापासून दरीपर्यंत बसवलेला फोकस गेलाच म्हणून समजा. जपानमधून मागवावा तर कुरियर आणि कस्टम ड्यूटी वेगळी. इथे सगळं मिळून ६४,०००. फुकटात देत नव्हता, हे लक्षात घ्या. वीस हजार म्हणाला असता तर मी ढुंकूनही पाहिलं नसतं.

वर माणूस मराठी. 'काका, आजोबांचा स्टुडिओ होता, आता जागा विकतोय.' इंदूरमध्ये आपलं बाहेरचं सगळं बोलणं हिंदीत. तिकडून कोणी मराठीत काका म्हटलं की माणूस सैलावतो. आणि त्याला विषय येत होता हो! लेन्सच्या आत कडेला पांढरे ठिपके आहेत हे त्याने आपणहून सांगितलं. 'श्नायडरच्या जुन्या लेन्सना होतं ते, आतला काळा रंग सुटतो, फोटोत काही येत नाही.' अगदी खरं आहे ते. जो दोष सांगून विकतो तो चोर कसा असेल, असं मला वाटलं. आता वाटतं, दोष सांगणाऱ्यालाच जास्त खोदून विचारावं.

आता तो फोटो. मी त्याला ग्राउंड ग्लासचा, म्हणजे कॅमेऱ्याच्या मागच्या ज्या दुधी काचेवर चित्र बघून फोकस करतात तिचा, फोटो मागितला होता, काच तडकलेली नाही ना हे बघायला. त्याने पाठवला. काचेवर डोंगर, वर आकाश, खाली शेत. छान, सरळ.

सरळ!

ज्याने एकदा तरी अशा कॅमेऱ्यामागे काळ्या कापडात डोकं घातलंय त्याला मी काय सांगतोय ते कळलं असेल. ग्राउंड ग्लासवर चित्र उलटं पडतं. आकाश खाली, जमीन वर, डावं उजवीकडे. भिंगाचा नियम आहे तो, टोयो असो की लिनहॉफ. फोन फिरवून फोटो काढला असेल म्हणावं, तर मग कॅमेराही उलटा दिसायला हवा होता. त्याची मूठ मात्र वरच होती, जिथे असते तिथे. म्हणजे कोणाच्या तरी कॅमेऱ्याच्या फोटोत काचेच्या जागी दुसरंच चित्र चिकटवलेलं. चिकटवणाऱ्याने आयुष्यात असा कॅमेरा डोळ्याला लावला नव्हता, नाहीतर डोंगर तरी उलटा लावला असता. ठिपक्यांचं ज्ञान त्याने कुठूनतरी पाठ केलेलं.

आणि मी तो फोटो मोठा करून करून पाहिला होता. बेलोजला, म्हणजे मधल्या घडीच्या भात्याला, भोकं आहेत का, कोपऱ्यांत चिरा आहेत का, काचेवर ओरखडा आहे का. सगळं तपासलं. पण खरं सांगू का, वर्षानुवर्षं उलटं बघणाऱ्याचं डोकं ते आपोआप सुलटं करून घेतं. नवशिक्याने पटकन ओळखलं असतं. ज्याला यातलं कळतं त्यालाच गाठायचा हा डाव होता, असं माझं ठाम मत आहे. बायकोचं नाही.

टोकन ५,०००. मग 'दुसरा गिऱ्हाईक दारात उभा आहे' म्हणून ३०,०००. पैसे जाताना स्क्रीनवर भलतंच नाव आलं; म्हणाला, मेहुण्याचं खातं. नाव जुळत नसेल तर मेहुणा असो की सासरा, तिथेच थांबा. त्याने आधार कार्डाचा फोटो पाठवला होता, तो बहुधा माझ्याआधी फसलेल्या कोणाचा तरी असणार. म्हणून आपलं आधार कोणाला पाठवू नका. उद्या तेच दाखवून तिसऱ्याला गंडवतील.

मग एक पार्सल आलं. आत एचपी-फाइव्ह प्लस या कृष्णधवल फिल्मचा २५ शीटचा डबा. 'काका, तुम्हाला भेट, कॅमेरा वेगळा पॅक केलाय.' विश्वास बसला आणि उरलेले २९,००० गेले. शीट फिल्मचा डबा उजेडात उघडून बघता येत नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. नंतर बाथरूमच्या दाराच्या फटी बंद करून अंधारात शीट चाचपली, तर कोपऱ्यात खाचाच नाहीत. इमल्शनची, म्हणजे प्रकाश टिपणाऱ्या थराची, बाजू ओळखायची ती खाचांवरून! दोन्ही बाजूंना इमल्शन लागलेली, कापलेली एक्स-रे फिल्म होती ती. शेवटचे ४,७५० 'विम्याचे, परत मिळणारे'. परत मिळणारी फी कोणी मागितली की फोन ठेवा. एवढंच.

आता साहेबलोक. बँकेत म्हणाले, व्यवहार तुम्हीच मंजूर केलात, आम्ही काय करणार. काउंटरवरून मॅनेजर, मॅनेजरकडून ईमेल, ईमेलला आपोआप येणारं उत्तर. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर मी रात्रीच फोन करायला हवा होता, पैसे पुढे सरकायच्या आत खातं गोठवता येतं. पण फोन खरंच बिघडला असेल या आशेवर सकाळपर्यंत थांबलो. तुम्ही थांबू नका, आणि ब्लॉक करण्याआधी सगळ्या चॅटचे स्क्रीनशॉट घ्या, तो त्याच्या बाजूने पुसतो.

ठाण्यात सांगितलं, सायबरला जा. सायबरला म्हणाले, रक्कम छोटी आहे, ठाण्यात द्या. परत ठाण्यात, तर, 'आरोपी दूसरे राज्य का है, वहाँ जाना पड़ेगा.' १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७३ छापून नेलं होतं. गुन्हा कुठल्याही हद्दीतला असो, माहिती नोंदवून घ्यायची. कागद वाचला, घडी केली, मला परत दिला. वर एकजण हसून म्हणतो, 'इतना पुराना कैमरा लेता कौन है भाई साहब, मोबाइल में तो इससे अच्छा आता है.' ज्या शहरात बांधकाम खात्यातली नोकरी सांभाळून लाला दीनदयाळांसारखे नामवंत छायाचित्रकार १८७० च्या दशकात फोटोग्राफीकडे वळले, काचेच्या प्लेटा घेऊन, त्या शहरात हे ऐकायचं. कॅमेरा जुना म्हणून चोरी कमी होते का? सोनं गेलं असतं तर असं हसले असते का? शेवटी नोंद झाली ती ऑनलाइन पोर्टलवर, मी स्वतः केलेली. तिथे अजून 'प्रक्रियेत' एवढंच दिसतं.

व्हिडिओ कॉलवर काचेवरचं उलटं चित्र दाखवायला सांगा, कॅमेऱ्याशेजारी आजची तारीख लिहिलेला कागद ठेवायला सांगा. खरा विकणारा चिडणार नाही.

तीच जाहिरात आता दुसऱ्या नावाने परत आली आहे, ५८,००० ला. फोटो तोच, डोंगर अजून सरळच. तुम्हाला दिसली तर नुसती रिपोर्ट करून सोडू नका. नंबर आणि खात्याचं नाव दिसेल असा स्क्रीनशॉट मला पाठवा, तक्रारीला जोडायचा आहे.