पेठांमधला हेरिटेज वॉक, माणशी साडेसहाशे, आणि माईक चुकीच्या माणसाकडे

गेल्या रविवारी पेठांमधल्या एका हेरिटेज वॉकला जाऊन आले. ग्रुपचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण खाली बऱ्यापैकी बोललेय आणि कुणाचा धंदा बसवायचा नाहीये मला. जाहिरातीत होतं "इतिहासातल्या फारशा माहीत नसलेल्या गोष्टी, तीन तास, फक्त १५ जण, माणशी ६५० रुपये नाष्ट्यासकट". मी एकटीच जाणार होते, पण आत्याने माझ्या फोनवर ती जाहिरात वाचली आणि सगळ्यात खाली "मोडी लिपीची तोंडओळख" असं दिसलं तिला. तिच्याकडे आजोबांच्या ट्रंकेतला मोडीतला एक कागद आहे आणि गेली पन्नास वर्षं तिची पक्की समजूत आहे की ते कुठल्यातरी जमिनीचं खरेदीखत आहे. मग काय, "मी पण येते." वय ७१, गुडघे दुखतात, पण जमिनीचा विषय निघाला की बाई चालते.

सकाळी साडेसातला शनिवारवाडा, दिल्ली दरवाजा. सुरू झालं आठला पाच कमी असताना. १५ जण म्हणाले होते, मी मोजले तर ३४. मुख्य गाईडच्या गळ्यात उपरणं, तोंडाशी तो हेडसेटवाला माईक, कमरेला स्पीकर, आणि तो स्पीकर दर दोन वाक्यांनी खरखर करून गप्प व्हायचा, म्हणजे नेमकं साल आलं की खर्रर्र. बरं, बोलायला माणूस तयारीचा आहे, आवाज चांगला, नाटकात शोभेल असा. पण पहिली चाळीस मिनिटं गेली "काका मला वाचवा" मध्ये. ३० ऑगस्ट १७७३, नारायणराव पेशवा जेमतेम अठरा वर्षांचा, गारदी आत घुसले, हे सगळं खरंय आणि भयानकच आहे, पण "ध चा मा" असा सांगितला की जणू शाईची दौत यानेच धरली होती. रामशास्त्र्यांनी या खुनाची चौकशी केली, खुद्द राघोबादादाला दोषी धरलं, त्याला अर्धं वाक्य. आणि पौर्णिमेच्या रात्री हाक ऐकू येते त्याला दहा मिनिटं! एका लहान मुलाने विचारलं, काका तुम्ही ऐकलीये का हाक? तर म्हणे आमच्या ओळखीच्या एकांनी ऐकलीये. मुलगा हसला, आम्ही पण हसलो, पुढे.

आता मुद्द्याचं. आत्याच्या गुडघ्यांमुळे आम्ही कायम सगळ्यात मागे, आणि सगळ्यात मागे होता पाण्याच्या बाटल्यांची गोणी खांद्यावर घेतलेला एक पोरगा. पंचवीस-सव्वीसचा असेल, धुऊन धुऊन विटलेला टीशर्ट. मला वाटलं हमाली करायला आणलाय. कसब्यातून सोमवार पेठेकडे जाताना पुढे गाईड देवांच्या नावांवर कोडी घालत होता (हा भाग मस्त झाला हां, सगळे ओरडून उत्तरं देत होते), उपाशी विठोबा, पासोड्या विठोबा, निवडुंग्या विठोबा, डुल्या मारुती, जिलब्या मारुती, गुपचूप गणपती. तर मागे हा पोरगा हळूच आत्याला सांगतोय की काकू, पासोड्या का, तर तिथे पासोड्यांचा, म्हणजे जाड पांघरुणांचा, बाजार भरायचा, आणि निवडुंग्या म्हणजे मूर्ती निवडुंगात सापडली म्हणून. पुढून गाईडचा आवाज, "खुन्या मुरलीधर! कारण इथे खून झाला!" हा म्हणाला, एक खून नाही हो, चकमक झाली होती प्रतिष्ठापनेच्या वेळी, गद्रे सावकारांच्या पहारेकऱ्यांची आणि शिपायांची, १७९७ च्या सुमाराची गोष्ट. गोणी या खांद्यावरून त्या खांद्यावर घेत घेत सांगत होता.

सोमवार पेठेतला त्रिशुंड गणपती. खरं सांगते, इतकी वर्षं पुण्यात राहून मी आत गेले नव्हते. बाहेरून लक्षातच येत नाही, गल्लीत गाड्या लावलेल्या, समोर वायरींचं जाळं, आणि मधेच काळ्या दगडाची ती दर्शनी भिंत. भीमगिरजी गोसावींनी १७५४ मध्ये बांधायला घेतलं आणि १७७० मध्ये पूर्ण झालं. मूर्तीला तीन सोंडा, सहा हात, आणि बसलाय उंदरावर नाही तर मोरावर. सोळा वर्षं लागलीत ते दारावरचं काम बघितलं की पटतं, द्वारपाल, पोपट, हत्ती, आणि एका बाजूला चक्क एक गेंडा. पुण्यात गेंडा! साखळदंडाने बांधलेला, आणि बांधणारा कोण तर टोपीवाला गोरा शिपाई. बंगाल इंग्रजांनी कसा गिळला त्यावरचं हे व्यंगचित्र आहे असा अर्थ लावतात. प्लासी १७५७ ची, म्हणजे काम चालू असतानाची ताजी बातमीच म्हणा ना, देवळाच्या भिंतीवर कोरलेली. आत गाभाऱ्याच्या भिंतीवर तीन शिलालेख, दोन संस्कृत आणि एक फारसी. पेशवाईच्या ऐन भरात, पुण्यात, गणपतीच्या देवळात फारसी! गोसावी मंडळी व्यापार-सावकारी करणारी, सगळ्या देशभर फिरणारी, त्यांना त्यात काही विशेष वाटलं नसणार. खाली तळघर आहे, समाधी आहे, तिथे पाणी असतं, गुरुपौर्णिमेला उघडतात.

एवढं सगळं समोर असून माईकवाल्याने इथे किती वेळ दिला? बारा मिनिटं. त्यातली चार ग्रुप फोटोत. आत्या गेंड्यासमोर उभी राहिली ती हलेना. म्हणाली, "हे कोरणाऱ्याने गेंडा कधी बघितला असेल का गं? पाय बघ, बैलासारखे केलेत." मी मग नीट बघितलं, खरंच.

नागेश्वराच्या देवळाबाहेर सावलीत पोहे मिळाले. गार. चहा अर्धा कप. नाष्टा धरून म्हणजे एवढंच. तिथेच शेजारच्या दुकानात दोन तृतीयपंथी आल्या, टाळी वाजली, दुकानदाराने मुकाट्याने दहाची नोट दिली, त्या गेल्या. ग्रुपमधले दोन काका लागले कुजबुजायला, हल्ली फार झालंय वगैरे. तर हा पोरगा, हातात पोह्याची डिश, म्हणाला, "काका, पूर्वी हे लेखी होतं." मराठ्यांच्या राज्यात हिजड्यांच्या काही गटांना गावाकडून पैसे, धान्य मागायचा वंशपरंपरेने चालणारा हक्क होता, सनदा होत्या, कुठे कुठे इनाम जमिनी होत्या, म्हणजे गुरूकडून चेल्याकडे जायचं ते. मग इंग्रज आले, जुन्या सगळ्या इनामांचे कागद तपासायला बसले, आणि एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर मुंबई सरकारने ठरवलं की असला हक्क सरकार चालू ठेवणार नाही. संपलं. पुढे १८७१ च्या क्रिमिनल ट्राइब्ज ॲक्टमध्ये तर त्यांची पोलिसांत नोंदणी करायचा वेगळा भागच घातला, तो मुख्यतः उत्तरेत राबवला. आणि तृतीय लिंग म्हणून परत कागदावर यायला सुप्रीम कोर्टाचा २०१४ चा निकाल लागला. हे सगळं त्याने बिना माईकचं, घास गिळत सांगितलं, ऐकणारे आम्ही सातआठ जण. बाकीचे पंचवीस जण गाईडसोबत सेल्फी काढत होते.

आत्या म्हणाली, "म्हणजे आमच्या बलुतेदारांसारखंच की. सुगीला खळ्यावर यायचे, हक्काचं घेऊन जायचे." पोरगा म्हणाला अगदी तसंच काकू, शब्द पण तोच, हक्क. ते दोन काका पोहे खात राहिले.

यानंतर "पुढचा थांबा बालगंधर्व रंगमंदिर, आपापली रिक्षा करा". हे जाहिरातीत कुठेही नव्हतं. चौतीस माणसं रविवारी सकाळी सोमवार पेठेत रिक्षा शोधतायत हे दृश्य बघण्यासारखं होतं. आम्हाला नव्वद रुपये पडले. शिवाय तीन तासात बायकांसाठी टॉयलेटचा एकही थांबा ठरवलेला नाही, आयोजक सगळे पुरुष असले की हे असं होतं, पुढच्या वेळी तरी बघा.

बालगंधर्वला बालनाट्याचा प्रयोग होता म्हणून दारं उघडी होती. तिथे गोपाळ देऊसकरांनी रंगवलेले बालगंधर्व, एकात पुरुषवेशात आणि एकात स्त्रीवेशात. लहानपणापासून नाटकं बघायला येतोय इथे, पण दोन्ही चित्रं एकाच माणसाची आहेत म्हणून नीट कधी बघितली नव्हती. इथे मात्र माईकवाल्याला शंभर मार्क. १२ मार्च १९११, मानापमान नाटकाचा पहिला प्रयोग, त्याच दिवशी नारायणराव राजहंसांची, म्हणजे बालगंधर्वांचीच, मुलगी गेली आणि तरी ते भामिनी म्हणून उभे राहिले, हे त्याने असं सांगितलं की स्पीकरसुद्धा खरखरला नाही. आत्याने डोळे पुसले. तिची आई सांगायची म्हणे, की घरातल्या बायका बालगंधर्वांसारखा अंबाडा घालायच्या, तसा पदर घ्यायच्या.

मग कॉलेजच्या एका मुलाने विचारलं, ते गे होते का? खसखस पिकली. गाईड म्हणाला "चला, उशीर होतोय", आणि निघाला पण. मुलगा बिचारा लाल झाला. गोणीवाला त्याच्या शेजारी जाऊन उभा राहिला. म्हणाला, स्त्रीपार्ट करणं हा पेशा होता रे, बायकांना स्टेजवर येऊ देत नव्हते म्हणून, तमाशात पण नाच्या पोऱ्या असायचाच. त्यावरून कुणाचं खासगी आयुष्य ठरवता येत नाही, हो पण म्हणू नये आणि शी पण म्हणू नये. तुला पुण्यातला हाच इतिहास हवा असेल तर तो लांब नाहीये, २००२ मध्ये बिंदुमाधव खिरेंचा समपथिक ट्रस्ट सुरू झाला, समलिंगी लोकांसाठी काम करणारा, २०११ च्या डिसेंबरात पहिला प्राइड मोर्चा निघाला, आणि समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारं ३७७ कलम, त्यातला संमतीच्या प्रौढांचा भाग सुप्रीम कोर्टाने काढला २०१८ ला. मुलगा हे सगळं फोनमध्ये टाइप करत होता. मला त्या पोराचं उत्तर फार आवडलं, कारण असल्या वॉकमध्ये एकतर हे विषय गाळतात नाहीतर मग दिसेल त्या ऐतिहासिक माणसाला ओढून ताणून बसवतात, आणि दोन्हीत माणूस राहतो बाजूला.

वॉक तिथे अधिकृत संपला, माईक डब्यात गेला. आत्याला कर्वेनगरला जायचं होतं, पोरगा पण कर्वे रोडलाच, म्हणून डेक्कनला अमृततुल्यमध्ये बसलो तिघं. कर्वे रोडवरून निघालं र. धों. कर्व्यांचं. वडिलांचं, महर्षी कर्व्यांचं, नाव रस्त्याला, आणि मुलगा तिकडे मुंबईत १९२७ पासून 'समाजस्वास्थ्य' काढतोय, मुखपृष्ठावर नग्न बाईचं चित्र, आत संततिनियमन, गुप्तरोग, वाचकांचे प्रश्न. १९३४ मध्ये अश्लीलतेचा खटला झाला तो लेखावर नाही, वाचकांच्या प्रश्नांना दिलेल्या उत्तरांवर! हस्तमैथुन, समलैंगिकता असले प्रश्न. आणि कर्व्यांचे वकील कोण, तर डॉ. आंबेडकर. लोकांनी विचारलेल्या प्रश्नाला उत्तर देणं हा गुन्हा कसा, हा त्यांचा मुद्दा. केस हरले, कर्व्यांना दंड झाला. तरी मासिक चालूच, १९५३ मध्ये कर्वे जाईपर्यंत. आत्या म्हणाली आमच्या घरी ते मासिक यायचं म्हणे, गादीखाली असायचं. हे मला आज कळलं! एकूण सव्वीस वर्षं एक माणूस पदरचे पैसे घालून गादीखालचं मासिक काढत होता.

तर रेटिंग. पाचपैकी साडेतीन. अर्धा गेंड्याचा, एक बालगंधर्वांचा, दोन त्या पोराचे. आयोजकांना मेसेज केलाय की ग्रुप खरंच १५ चा ठेवा, रिक्षाचं आधी सांगा, आणि शनिवारवाड्यानंतर माईक त्या मुलाकडे द्या. दोन निळ्या टिकल्या आल्यात, उत्तर नाही. जायचं असेल त्यांनी जा, पण मागे राहा, बूट सैल झाला असं काहीतरी सांगून.

हो, आणि मोडी लिपीची तोंडओळख झालीच नाही, वेळ संपला म्हणे. चहा पिताना आत्याने कागदाचा फोटो काढला पिशवीतल्या फोनमधून, पोराने झूम करून बोट फिरवत फिरवत वाचला, मधे एकदा थांबला, परत वाचला. खरेदीखत नाही. आमच्या खापरपणजोबांनी कुणाकडून तरी दीड मण गूळ उधार नेला होता, त्याची चिठ्ठी आहे. आत्याने विचारलं, "फेडला का?" तो म्हणाला, ते यात नाही लिहिलेलं काकू.