ग्रंथालय नूतनीकरण कार्यशाळा, लातूर: दुपार पैसा वसूल
मी तालुक्याच्या 'ब' वर्ग वाचनालयाचा ग्रंथपाल (सरकारी अनुदानासाठी वाचनालयांचे अ ते ड असे वर्ग असतात, 'ड' सगळ्यात लहान). सकाळचं सत्र वाया गेलं. १९६७ चा ग्रंथालय कायदा आम्हालाच वाचून दाखवला! दुपारी मात्र आर्किटेक्ट बाईंनी थेट टेपच हातात दिला. दोन रॅकमधली वाट किमान ९० सेंटीमीटर हवी, नाहीतर व्हीलचेअर अडकते. आमच्याकडे तर अध्यक्षांनाच आडवं होऊन जावं लागतं. वरच्या मजल्यावर रॅक चढवण्याआधी वजन पेलेल का ते इंजिनिअरला विचारा, रंगाचं नंतर बघा, हे त्यांनी ठणकावून सांगितलं. पश्चिमेच्या खिडकीपाशी पुस्तकं नकोत. आपल्याकडच्या उन्हात पानं पिवळी पडून कुरकुरीत होतात. वाळवीसाठी रॅक भिंतीपासून चार बोटं पुढं. खर्चाचा नमुना मात्र मुंबईच्या हिशोबाचा; आमच्या अनुदानात त्यातलं एखादं टेबल येईल. 'ड' वर्गवाल्यांनी जेवून दुपारीच यावं.