डोळ्याचं प्रेशर: गोल्डमन, हवेची फुंकर की आय-केअर?

हवेच्या फुंकरीवर प्रेशर २३ आलं आणि दुसरीकडे निळ्या प्रकाशात, गोल्डमन यंत्राने मोजलं तर १८, असं पुष्कळांना होतं. यंत्र बिघडलेलंच असतं असं नाही. दिवसभरात प्रेशर बदलतं, शिवाय ही सगळी यंत्रं कॉर्नियाला, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्याला, बाहेरून दाबून आतल्या दाबाचा अंदाज घेतात. त्यामुळे कॉर्नियाची जाडी, कडकपणा आणि गोलाई आकड्यात मिसळते.

काचबिंदूचा निर्णय घ्यायचा असेल तर माझी पहिली पसंती गोल्डमन टोनोमीटरला. कॉर्नियाचा ३.०६ मिमी व्यासाचा भाग सपाट करायला किती जोर लागतो ते तो मोजतो. एवढ्या व्यासावर अश्रूंची ओढ आणि कॉर्नियाचा कडकपणा जवळपास एकमेकांना रद्द करतात. पण हे गणित साधारण अर्धा मिमी जाडीच्या, नेहमीच्या गोलाईच्या कॉर्नियासाठी बसवलेलं आहे. कॉर्निया जाड किंवा जास्त उभार असेल तर आकडा वर जातो, पातळ किंवा चपटा असेल तर खाली येतो. सिलिंडरचा (कॉर्नियाच्या असमान गोलाईमुळे लागणारा) नंबर मोठा असलेल्यांनी इथे विशेष लक्ष द्यावं. कॉर्नियाचा सिलिंडर ३ च्या वर गेला की सपाट होणारं वर्तुळ लंबगोल होतं. मग प्रिझम (यंत्राचं डोळ्याला टेकणारं टोक) त्या अक्षाप्रमाणे फिरवावा लागतो, किंवा आडवं आणि उभं असं दोनदा मोजून सरासरी काढावी लागते. तपासणीच्या वेळी हे जरूर विचारा.

हवेची फुंकर स्पर्शाविना, थेंबांविना होते. शिबिरातल्या प्राथमिक तपासणीसाठी ती उत्तम, पण जाडीचा परिणाम तिच्यावर गोल्डमनपेक्षा जास्त होतो. नाडीच्या ठोक्याबरोबर प्रेशर हलत असल्याने एका फुंकरीवर विसंबू नये, तीन-चारांची सरासरी घ्यावी.

आय-केअर यंत्राची बारीक सळई कॉर्नियाला टेकून लगेच मागे उसळते, बधिरतेचे थेंबही लागत नाहीत. लहान मुलांसाठी याहून सोयीचं काही नाही. जाडीचा प्रभाव मात्र इथेही आहेच.

लेसिक (चष्म्याचा नंबर घालवण्याची लेसर शस्त्रक्रिया) झालेल्यांची गोष्ट वेगळी. कॉर्निया पातळही होतो आणि, मायनस नंबर काढलेला असल्यास, चपटाही. त्यामुळे गोल्डमन आणि फुंकर दोन्ही कमी दाखवतात, आणि १६ पाहून निश्चिंत झालेल्या माणसाचा काचबिंदू वाढत राहू शकतो. पास्कल टोनोमीटरचं टोक कॉर्नियाच्या बाकाला जुळेल असं खोलगट असतं, ते सपाट करत नाही. म्हणून जाडी-गोलाईचा परिणाम त्यावर बराच कमी. मिळत असेल तर लेसिकवाल्यांनी तो निवडावा. केराटोकोनस या आजारात कॉर्निया टोकदार आणि मऊ असतो, गोल्डमनमधून पाहताना दिसणाऱ्या हिरव्या अर्धवर्तुळांच्या कडा वेड्यावाकड्या दिसतात. तिथे पास्कल किंवा लहान टोकाचा, हातात धरायचा टोनो-पेन बरा, तरी आकडा अंदाजाचाच.

जाडीनुसार अमुक मिळवा, तमुक वजा करा अशा तक्त्यांवर माझा विश्वास नाही. सगळ्या डोळ्यांना लागू पडेल असं एकही सूत्र नाही. त्यापेक्षा पॅकिमेट्रीने जाडी एकदा मोजून फाईलला लावा, प्रत्येक वेळी त्याच यंत्रावर, शक्यतो त्याच वेळेला प्रेशर घ्या, आणि डोळ्याच्या नसेची तपासणी सोडू नका. लेसिक करायचं असेल तर आधीचं प्रेशर आणि जाडी लिहून घ्या. नंतर ते आकडे मिळवता येत नाहीत.