जिन्याखालच्या खोलीतलं वाईन सेलर: चौदा महिने वापरल्यावर

आमचं घर नाशिकला, गंगापूर रोडच्या अंगाला. जिन्याखाली पाच फूट लांब आणि साडेतीन फूट रुंद अशी अडगळीची खोली होती. कांद्याची गोणी, जुनी सायकल, गणपतीचं मखर, सगळं त्यातच. मागच्या वर्षी जानेवारीत ती रिकामी करून तिथे वाईन सेलर, म्हणजे वाईन साठवायची गार खोली, करून घेतलं. काम झाल्या झाल्या लिहायचा मोह झाला होता, कारण फोटो सुंदर आले होते. बरं झालं थांबलो. मे महिन्याने आणि जुलैने जे शिकवलं ते जानेवारीत मला माहीतच नव्हतं.

गरज का पडली ते थोडक्यात सांगतो. नाशिकच्या सुला वायनरीची पहिली वाईन २००० साली बाजारात आली तेव्हा मी कॉलेजात होतो. तेव्हापासून वायनरी आमच्या शेजारी आहेत, पण घरात वाईन ठेवायची जागा म्हणजे स्वयंपाकघरातला माळा किंवा फ्रिज. माळ्यावर उन्हाळ्यात ३५ अंशांच्या वर तापमान जातं. फ्रिज चार-पाच अंशांवर चालतो, आतली हवा कोरडी असते, आणि महिनोन् महिने तिथे राहिलेल्या बाटलीचं बूच सुकतं. वाईनला हवं असतं १२ ते १४ अंश तापमान, तेही वर-खाली न होणारं, ६० ते ७० टक्के आर्द्रता आणि अंधार. ऐकायला सोपं वाटतं. नाशिकच्या उन्हाळ्यात साडेसतरा चौरस फुटांत हे वर्षभर टिकवणं सोपं नाही.

आधी एक गोष्ट सांगून टाकतो, कारण ती बहुतेक जण विसरतात. महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी अधिनियमाखाली मद्य बाळगायला परवाना लागतो आणि साठ्यालाही मर्यादा असते. बाटल्यांचा आकडा ठरवण्याआधी राज्य उत्पादन शुल्कच्या कार्यालयात जाऊन विचारा. मी विचारलं आणि माझा पहिला आराखडा निम्म्यावर आणला. शेवटी रॅक केला तो ५६ बाटल्यांचा, तोही कधीच पूर्ण भरलेला नसतो.

आता मुख्य मुद्दा. मी सुरुवात सुताराकडून केली, ती चूक झाली. रॅक कसा दिसेल, सागवान की शिसम, दरवाज्याला काच बसेल का, यात माझे तीन आठवडे गेले. इन्सुलेशन म्हणजे भिंतीला थर्माकोल ठोकायचा आणि वरून प्लाय मारायचा, एवढीच आमची दोघांची समज. ओल येऊ नये म्हणून सुताराने प्लाय आणि थर्माकोलच्या मधे, म्हणजे खोलीच्या बाजूने, जाड पॉलिथिन लावलं. मला ते शहाणपणाचं वाटलं होतं.

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात सकाळी दरवाजा उघडला तर फरशीवर भिंतीलगत पाण्याची एक बारीक रेघ. कूलिंग युनिटचा ड्रेन पाईप तुंबला असेल म्हणून आधी तो तपासला. पाईप साफ होता. मग खालचा प्लायचा तुकडा काढला. पॉलिथिनच्या मागच्या बाजूला थेंबच थेंब, वरपासून खालपर्यंत, थंड पाण्याच्या तांब्याला बाहेरून येतात तसे. बोट लावलं की एक ओघळ खाली यायचा. थर्माकोलच्या सांध्यांवर काळे ठिपके धरले होते आणि वासही कोंदट येत होता. मला खरंच वाईट वाटलं. सहा महिन्यांपूर्वी स्वतः उभं राहून करून घेतलेलं काम होतं ते.

कारण समजल्यावर मात्र अगदी सरळ वाटलं. पावसाळ्यात बाहेरची हवा उबदार आणि बाष्पाने भरलेली असते, आत १४ अंश. बाष्प बाहेरून आत यायला बघतं. ते विटांतून, थर्माकोलच्या फटींतून आत शिरतं आणि पहिल्या थंड आडोशाला पाणी होतं. आमचा तो आडोसा म्हणजे आतलं पॉलिथिन. ते हवं होतं विटेला लागून, इन्सुलेशनच्या बाहेरच्या, गरम बाजूला. तिथे तापमान फार उतरत नाही, त्यामुळे पाणी धरत नाही. थंड प्रदेशात घरं गरम ठेवायची असतात, म्हणून तिथली रचना याच्या उलट असते. इंटरनेटवरचे व्हिडिओ बघताना हे लक्षात ठेवा.

हे मला सांगितलं आमच्या घरच्या आप्पांच्या ओळखीच्या एका मिस्त्रीने. आप्पांनी तीस वर्षं दिंडोरी तालुक्यात थॉमसन जातीच्या द्राक्षांची बाग केली. निर्यातीची द्राक्षं तोडल्यावर काही तासांत प्रीकूलिंगला, म्हणजे झटपट गार करायला, न्यावी लागतात आणि मग शून्य अंशाच्या आसपास ठेवावी लागतात, त्यामुळे आमच्या जिल्ह्यात कोल्ड स्टोरेजचं काम जाणणारी माणसं गावोगाव आहेत. हा मिस्त्री तेच काम करतो. त्याने वाईनच्या सेलरमध्ये आयुष्यात कधी पाऊल ठेवलं नव्हतं. पण आत येऊन त्याने रॅककडे बघितलंसुद्धा नाही. दरवाजा लावून घेतला, मोबाईलचा टॉर्च आतून चौकटीवर फिरवला आणि मला बाहेर उभं राहून उजेड कुठे दिसतो ते सांगायला लावलं. तीन बाजूंनी दिसत होता. आप्पा सोफ्यावरून म्हणाले, "अरे, सगळा खेळ रबराचा असतो. मी तुला तेव्हाच म्हणालो होतो, आधी याला बोलव." म्हणाले होते हे खरं आहे.

ऑगस्टमध्ये सगळं उचकटलं. विटेला लागून पॉलिथिन, सांध्यांना अॅल्युमिनियमची टेप, त्यावर ५० मिलिमीटरच्या एक्सपीएस शीटचे (थर्माकोलपेक्षा घट्ट फोमचे) दोन थर, एकाचा सांधा दुसऱ्याच्या सांध्यावर येणार नाही असे. फटींत फोम आणि आतून सिमेंट बोर्ड. जिन्याच्या उतरत्या स्लॅबला खालून हेच. फरशीलाही एक थर, कारण जमिनीतून येणारी उष्णता मी आणि सुतार, आम्ही दोघांनीही धरलीच नव्हती. दरवाज्याची काच काढली. तिच्यावर पावसाळाभर घाम यायचा आणि मी रोज फडकं घेऊन उभा असायचो. आता भरीव दरवाजा आहे, पोटात एक्सपीएस, चारही बाजूंना कोल्ड रूमला वापरतात ते गॅस्केट, म्हणजे फट बंद करणारी रबरी पट्टी. दिसायला साधा आहे. मला आता तो काचेच्या दरवाज्यापेक्षा जास्त आवडतो.

त्याआधी मे महिन्यात कूलिंग युनिटने छळलं होतं, त्याबद्दलही लिहायला हवं. साधा स्प्लिट एसी चालणार नाही. तो १६ अंशांच्या खाली जात नाही आणि हवा फार कोरडी करतो. म्हणून सेलरसाठीचंच युनिट घेतलं, भिंतीत बसणारं. ते एका बाजूने गार हवा आत सोडतं आणि दुसऱ्या बाजूने गरम हवा बाहेर टाकतं. आमच्याकडे ती दुसरी बाजू हॉलमध्ये, चपलांच्या कपाटापाशी. विक्रेत्याने "काही होत नाही" म्हणून सांगितलं होतं. अशी छोटी युनिटं ज्या हवेत उभी असतात तिच्यापेक्षा साधारण १५ ते १७ अंशच खाली जाऊ शकतात. मे महिन्यात दुपारी तीनला हॉल ३५ अंशांवर, त्यात याचीच गरम हवा तिथेच फिरतेय, म्हणजे त्या कोपऱ्यात ३८. आतला काटा २१ वर जाऊन बसला आणि कॉम्प्रेसर रात्री अकरापर्यंत थांबला नाही. उपाय म्हणजे भिंतीला सहा इंची भोक पाडून डक्टने गरम हवा घराबाहेर काढली, डक्टमध्ये छोटा पंखा लावला. खर्च साडेचार हजार. हे पहिल्या दिवशीच करायला हवं होतं. युनिट घेताना विक्रेत्याला दोनच प्रश्न विचारा: बाहेर किती तापमान असताना हे आत १४ देतं, आणि गरम हवा नक्की कुठे जाणार? उत्तर गुळमुळीत आलं तर दुसरं दुकान बघा.

रॅकबद्दल फार सांगण्यासारखं नाही. सागवान वापरलं, आतून पॉलिश नाही, कारण बंद खोलीत पॉलिशचा वास महिनोन् महिने राहतो. खालचे दोन कप्पे कडप्प्याचे आहेत, जुन्या अडगळीच्या खोलीतलेच, धुऊन परत बसवले. एकदा गार झाले की वीज गेली तरी बराच वेळ गार राहतात. भरलेल्या बाटल्याही तेच काम करतात, म्हणून रिकाम्या सेलरपेक्षा निम्मं भरलेलं सेलर जास्त स्थिर असतं. मागच्या जूनमध्ये वादळाने पाच तास वीज नव्हती, तेव्हा दरवाजा न उघडता तापमान दोन अंशांनीच चढलं. एक चूक मात्र राहिली. सुताराने सगळे खण नऊ सेंटीमीटरचे केले. शिराझ, कॅबर्ने अशा रेड वाईनच्या बाटल्या सहज बसतात, स्पार्कलिंगची, म्हणजे फेसाळ वाईनची, पोटाळ बाटली अडकते. खालची एक ओळ दहाची करून घ्या.

फेब्रुवारीपासून नाशिकची हवा कोरडी होते, तेव्हा आतली आर्द्रता ४५ वर आली होती. ह्युमिडिफायर घ्यायच्या बेतात होतो. आईने कुंभाराकडचे मातीचे दोन परळ दिले, त्यांत पाणी भरून कडप्प्यावर ठेवले. आठवड्यात ५८. दर चार दिवसांनी पाणी घालतो, एवढंच. पावसाळ्यात ते काढून ठेवतो, नाहीतर लेबलांवर बुरशी येते.

आता ज्यासाठी हे सगळं केलं ते. जानेवारीत एकाच शिराझच्या, एकाच बॅचच्या चार बाटल्या आणल्या होत्या, बूच असलेल्या. दोन सेलरमध्ये आडव्या (बूच ओलं राहावं म्हणून), दोन मुद्दाम स्वयंपाकघरातल्या माळ्यावर. दिवाळीत एकेक उघडली. माळ्यावरच्या बाटलीचं बूच काचेच्या कडेपेक्षा दोनेक मिलिमीटर वर आलेलं, वरचं आवरण काढल्यावर खाली चिकट लाल डाग. वास थेट बेदाण्याच्या शेडमधला, उन्हात शिजलेल्या द्राक्षाचा, आणि जिभेवर काहीच टिकत नव्हतं. सेलरमधली बाटली, तीही मे महिन्यातले ते वाईट तीन आठवडे सोसलेली, जांभूळ आणि काळ्या मिरीच्या वासाची, तुरटपणा जानेवारीपेक्षा मऊ झालेला. आप्पा सहसा दोन घोटांच्या पुढे जात नाहीत. त्यांनी ग्लास उजेडात धरून बराच वेळ पाहिला आणि म्हणाले, "माल उन्हात राहिला की गेला. द्राक्ष काय आणि हे काय." मग दुसऱ्यांदा ग्लास पुढे केला.

तरीही प्रत्येकाने हे करावं असं मला वाटत नाही. शेनिन ब्लाँ, सोव्हिन्यों ब्लाँ, रोझे अशा आपल्याकडच्या बहुतेक वाईन वर्ष-दोन वर्षांत ताज्या असतानाच प्यायच्या असतात आणि त्यांतल्या कितीतरींना स्क्रू कॅप असते, आडवं ठेवायचीही गरज नाही. त्यांच्यासाठी अठरा-वीस बाटल्यांचा वाईन चिलर पुरे. तुम्ही रिझर्व्ह रेड तीन-चार वर्षं ठेवणार असाल, म्हणजे अकलूजच्या फ्रातेलीची सेत्ते किंवा सुलाची रासा शिराझ यांसारख्या वाईन, तरच हा खटाटोप करा.

खर्चाचा हिशेब असा: कूलिंग युनिट १ लाख ३२ हजार, रॅक २६ हजार, पहिलं इन्सुलेशन १४ हजार, तेच उचकटून दुसरं ४१ हजार, दरवाजा १९ हजार, डक्ट आणि वायरिंग ११ हजार. पहिलं इन्सुलेशन आणि त्या वेळचा काचेचा दरवाजा, त्याचे वेगळे १७ हजार, पाण्यात गेले. वीज मी वेगळ्या मीटरवर मोजतो. मागच्या मे महिन्यात दिवसाला साडेसहा युनिटं जात होती. डिसेंबरात दीड. निफाडला पारा सहा-सातवर उतरला त्या आठवड्यात तर युनिट दिवसातून जेमतेम तासभर चाललं.

काल दुपारी बाहेर ३८ होतं, आत १४.२. कॉम्प्रेसर वीस मिनिटं चालून पंचवीस मिनिटं थांबत होता, मी हॉलमध्ये घड्याळ लावून बसलो होतो. दरवाज्याच्या खालच्या उजव्या कोपऱ्यात गॅस्केट थोडं सुटू लागलंय, टॉर्च लावला की केसाएवढा उजेड दिसतो. रविवारी मिस्त्री येणार आहे, एप्रिल लागायच्या आत ते बदलून घेतो.