पबमेड: यंत्रखरेदीआधी रुग्णालयाच्या ग्रंथपालाने कसं वापरावं

नवं यंत्र विकायला आलेला माणूस समितीपुढे पाच-सहा शोधनिबंध ठेवतो. ते खोटे नसतात, पण त्याने निवडलेले असतात. त्याने न आणलेले शोधून काढणं हे ग्रंथपालाचं काम. त्यासाठी अमेरिकेच्या नॅशनल लायब्ररी ऑफ मेडिसिनचं पबमेड, म्हणजे वैद्यकीय शोधनिबंधांची ऑनलाइन सूची, १९९७ पासून सर्वांना फुकट खुलं आहे, आणि सुरुवात तिथूनच करावी.

उदाहरणार्थ, मधुमेही पायाच्या जखमेवर लावायचं, जखमेवर ओढ देणारं ‘व्हॅक’ यंत्र घ्या. मेश, म्हणजे पबमेडच्या विषयशब्दांच्या यादीत, त्याचं नाव ‘निगेटिव्ह-प्रेशर वुंड थेरपी’. फक्त त्यावर थांबलात तर मेशचा विषयशब्द अजून न लागलेले ताजे निबंध हुकतात. म्हणून शीर्षक-गोषवाऱ्यात ‘व्हॅक्युम असिस्टेड क्लोजर’, ‘टॉपिकल निगेटिव्ह प्रेशर’, ‘एनपीडब्ल्यूटी’ (मेशमधल्या नावाचं लघुरूप) हेही शोधा. सगळे ‘ऑर’ने जोडून कंसात घाला, मग ‘डायबेटिक फूट’चा तसाच कंस ‘अँड’ने जोडा. जखम भरणं, पाय वाचणं असे परिणामाचे शब्द घालू नका. गोषवाऱ्यात ते बरेचदा नसतात, आणि कामाचे निबंध गळतात.

फसगत होते ती बारीक जागी. शब्दाचा शेवट मोकळा ठेवणारा तारा (*) लावायचा तर आधी किमान चार अक्षरं लागतात, तेव्हा ‘व्हॅक’च्या (व्हीएसी) तीन इंग्रजी अक्षरांना तो चालत नाही. अवतरणचिन्हांतला वाक्प्रयोग पबमेडच्या सूचीत नसेल, तर चिन्हं दुर्लक्षित होतात आणि निकालांचा आकडा एकदम फुगतो. निकालांच्या वर येणारी सूचना न वाचता पुढे जाणारे इथेच अडकतात. अशा वेळी शब्दांमधलं अंतर ठरवून देणारा शोध वापरा. सगळ्यात घातक म्हणजे फक्त माणसांवरचे निबंध दाखवणारी ‘ह्युमन्स’ची गाळणी. ती मेशवर चालते, म्हणून ताजे निबंध गुपचूप बाहेर पडतात. त्याऐवजी ‘ज्यांना प्राण्यांचा मेश आहे पण माणसांचा नाही, ते वगळा’ अशी ओळ ‘नॉट’ने लिहावी.

‘आमचा निबंध पबमेडमध्ये आहे’ हे विक्रेत्याचं आवडतं वाक्य. पबमेडमध्ये असणं ही दर्जाची हमी नव्हे. पबमेडचा मुख्य भाग असलेल्या मेडलाइनसाठी नियतकालिकं निवडली जातात, पण पबमेड सेंट्रल या पूर्ण निबंधांच्या संग्रहात ठेवलेले इतर निबंधही इथे दिसतात. नोंदीवर निबंध मागे घेतल्याची पट्टी आहे का, तेवढं नक्की बघा.

उणीव मोठी आहे: अनेक देशांच्या आरोग्य तंत्रज्ञान मूल्यमापन (एचटीए) संस्थांचे अहवाल इथे मिळत नाहीत. त्यासाठी अशा संस्थांच्या जाळ्याचा, म्हणजे इनाटाचा, आंतरराष्ट्रीय एचटीए डेटाबेस उघडा, तोही फुकट. एम्बेस या दुसऱ्या, वर्गणीच्या वैद्यकीय सूचीमध्ये उपकरणांची नोंद जास्त बारकाईने होते, पण त्याची वर्गणी छोट्या रुग्णालयाला झेपत नाही. ते पाहिलं नसेल तर टिपणात तसं स्पष्ट लिहा.

शोधाचा इतिहास आठ तास हात न लावल्यास पुसला जातो. त्यामुळे शोधओळ जशीच्या तशी, तारीख आणि निकालसंख्येसह, त्याच दिवशी टिपणात चिकटवा, आणि समितीकडे जाण्याआधी दुसऱ्या ग्रंथपालाकडून प्रेस (शोधओळी तपासण्याची प्रश्नयादी) यादीनुसार तपासून घ्या.